डिस्क, डाउनलोड आणि मालकी: विकत घेतलेला गेम आपला असतो का?

घाटमाथा

सोनीचा नवा गेम कन्सोल, पीएस-५, घ्यायला निघालेला जो तो हल्ली एकच विचारतो: डिस्कवाला घेऊ की बिनडिस्कचा? फेब्रुवारी २०२१ मध्ये पीएस-५ भारतात आला तेव्हा डिजिटल एडिशन ३९,९९० रुपयांना होतं आणि डिस्कवालं ४९,९९० ला. नवा गेम ४,९९९ ला. वापरलेल्या डिस्क घेत-विकत गेलं की मधले दहा हजार कधीच वसूल होतात. हा हिशोब सगळ्यांना ठाऊक आहे आणि तो बरोबरही आहे. मला मात्र या धाग्यात वेगळं बोलायचंय. पैसे मोजून घेतलेला गेम दहा वर्षांनी चालेल की नाही, हे कोण ठरवणार?

‘द क्रू’ हा युबिसॉफ्टचा गाड्यांच्या शर्यतींचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. अमेरिकेचा अख्खा नकाशा, एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत गाडी हाकत जायचं. एकट्याने खेळलात तरी गेमला इंटरनेटवरून सतत कंपनीचा सर्व्हर लागायचा. डिसेंबर २०२३ मध्ये तो दुकानांतून काढला गेला, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि एप्रिलमध्ये कॉम्प्युटरवर ज्यांनी तो विकत घेतला होता त्यांच्या खात्यातून परवानाच काढून घेतला गेला. आता यातली खरी मेख बघा. ज्यांच्या कपाटात डिस्क होती त्यांचंही काही वाचलं नाही. डिस्क हातात, खोक्यावर किंमत छापलेली, आणि कन्सोलमध्ये घातली की पुढे काहीच होत नाही.

म्हणून ‘डिस्क म्हणजे मालकी, डाउनलोड म्हणजे भाडं’ ही विभागणी मला अपुरी वाटते. मी एकच कसोटी लावतो. कोरं मशीन घ्यायचं, इंटरनेट बंद ठेवायचं, तुमच्याकडे जे आहे तेवढ्यावर गेम सुरू करायचा. झाला तर तो तुमचा. नाही झाला तर तो कोणाच्या तरी मर्जीवर चाललाय.

या कसोटीत अलीकडच्या कितीतरी डिस्क नापास होतात. २०२५ मध्ये आलेल्या ‘डूम: द डार्क एजेस’च्या पीएस-५ डिस्कवर जेमतेम ८५ एमबी माहिती होती, बाकी सगळा गेम उतरवून घ्यायचा. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. पैसे परत मिळाले हे खरं, पण ती डिस्क आता नुसती चकती आहे. उलट ‘सायबरपंक २०७७’ निन्टेन्डोच्या स्विच-२ कन्सोलवर ६४ जीबीच्या कार्ट्रिजमध्ये पूर्ण बसवून दिला गेला. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं.

आणि मालकी अशी हातातून जाणं आपोआप घडत नाही, ग्राहक गप्प बसले की घडतं, असं माझं ठाम मत आहे. २०१३ च्या उन्हाळ्यात मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला तेव्हा दर २४ तासांनी इंटरनेटवर हजेरी लावायची अट होती, आणि वापरलेली डिस्क दुसऱ्याला द्यायची तर त्यावरही निर्बंध होते. लोक इतके संतापले की १९ जूनला कंपनीने दोन्ही गोष्टी मागे घेतल्या. सोनीने त्याच सुमारास एक छोटा व्हिडिओ काढला होता, आमच्या कन्सोलवर गेम मित्राला कसा द्यायचा ते दाखवणारा: एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क ठेवतो, संपलं. त्याच सोनीचा पीएस-५ प्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये डिस्क ड्राइव्हशिवाय आला. ड्राइव्ह हवा तर वेगळे पैसे.

तुमची मतं सांगा. डिजिटलच्या बाजूची मतंही हवी आहेत.

रात्रपाळी

डिजिटलची बाजू मी मांडतो, कारण इथे ती पडती आहे असं धरूनच लोक बोलतात.

मी कॉम्प्युटरवर खेळतो. भाड्याच्या खोलीत राहतो, अकरा महिन्यांचा करार संपला की सामान बांधायचं. डिस्कची कपाटं मला परवडणारी नाहीत. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात नोव्हेंबर २०१५ पासून रुपयांत किमती आहेत, सेल लागला की जुने गेम जेवणाच्या किमतीत मिळतात, आणि घेतल्यापासून १४ दिवसांत व दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत. दुकानातली फोडलेली डिस्क कोण परत घेतं?

दुसरं म्हणजे, कॉम्प्युटरच्या जुन्या डिस्कचं काय झालं ते कन्सोलवाल्यांना माहीत नसतं. २००० च्या दशकातल्या असंख्य गेमच्या सीडीवर सेफडिस्क नावाचं कुलूप होतं. विंडोज १० मध्ये ते कुलूप चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हरच, ठेवला नाही, आणि सप्टेंबर २०१५ च्या सुरक्षा अपडेटने विस्टा, ७ आणि ८ वरही तो बंद केला. म्हणजे सीडी शाबूत, ओरखडा नाही, इंटरनेटही लागत नाही, तरी गेम चालत नाही. त्यातले बरेच गेम आज गॉग या ऑनलाइन दुकानात कुलपाशिवाय मिळतात, इन्स्टॉलरची फाइल आपल्या हार्डडिस्कवर ठेवता येते. घाटमाथा, तुमच्याच कसोटीत इथे डाउनलोड पास झालं आणि सीडी नापास.

आणि स्टीमने दुकानातून गेम काढला तरी आधी घेतलेल्यांच्या लायब्ररीत तो साधारणपणे राहतो, हेही नोंदवा. ‘फोर्झा होरायझन ४’ डिसेंबर २०२४ मध्ये विक्रीतून गेला, गाड्यांच्या कंपन्यांबरोबरचे करार संपले म्हणून. ज्यांनी आधी घेतला होता ते आजही खेळताहेत.

घाटमाथा

रात्रपाळी, गॉगबद्दल शंभर टक्के सहमत. कुलूप नसलेली फाइल माझ्या ताब्यात असेल तर मला डिस्कची गरज नाही. म्हणूनच कसोटी डिस्कची नाही, परवानगीची आहे.

पण ‘लायब्ररीत राहतो’ यावर मला एक जोडायचंय. राहतो, पण जसा घेतला तसा राहतो का? ‘जीटीए ४’ या शहरात गाडी घेऊन फिरायच्या गेमला दहा वर्षं झाली तेव्हा, एप्रिल २०१८ मध्ये, गाण्यांचे परवाने संपले आणि अपडेटमधून गेममधल्या रेडिओवरची बरीच गाणी काढली गेली. व्लादिवोस्तोक एफएम या रशियन स्टेशनचं तर रूपच पालटलं. ज्यांनी दहा वर्षांपूर्वी पूर्ण पैसे भरले होते त्यांच्याही प्रतीतून गाणी गेली. पीएस-३ ची मूळ डिस्क घेऊन, अपडेट न करता चालवा, सगळी गाणी जागेवर आहेत. ‘वॉरक्राफ्ट ३’चं तेच. जानेवारी २०२० मध्ये त्याची नवी आवृत्ती ‘रीफोर्ज्ड’ आली आणि ज्यांनी ऑनलाइन जुना गेम घेतला होता त्यांनाही नव्याच्या साच्यात कोंबलं गेलं. लोकांनी शिव्या घातल्या. ज्यांच्याकडे २००२ ची सीडी होती ते घरात बसून जुनाच गेम खेळत राहिले.

माझ्या दृष्टीने हे परवाना रद्द होण्यापेक्षाही खोल आहे. गेम ही एक रचलेली गोष्ट आहे. पहाटे शहरातून गाडी चालवताना कोणतं गाणं लागतं, हा त्या रचनेचाच भाग. ती नंतर कोणी येऊन बदलू नये असं मला मनापासून वाटतं.

तपकीरगल्ली

कन्सोल दुरुस्ती आणि जुन्या डिस्कची देवघेव हा माझा धंदा आहे, त्यामुळे डिस्कच्या बाजूने बोलणार हे उघड आहे. तरी जे रोज काउंटरवर बघतो तेच सांगतो.

कॉलेजची मुलं येतात. चारजण मिळून एक गेम घेतात, पाळीपाळीने संपवतात, आणून विकतात, वर थोडे पैसे घालून दुसरा नेतात. या साखळीत एक डिस्क किती घरं फिरते त्याला हिशोब नाही. पाच हजारांचा नवा गेम घेणं ज्यांना कधीच जमलं नसतं ती मुलं याच वाटेने सगळे मोठे गेम खेळलीत. डिजिटलमध्ये सेल असतो, मान्य. पण नवा गेम पहिल्या महिन्यात अर्ध्या खर्चात खेळायचा रस्ता फक्त डिस्कमध्ये आहे.

ओरखड्यांबद्दल: पीएस-२ च्या डीव्हीडीची जी दशा व्हायची ती ब्लू-रेची होत नाही. ब्लू-रेवर कडक थर असतो. माझ्याकडे येणाऱ्या पीएस-४ च्या डिस्कमध्ये न चालणाऱ्या फार कमी. बिघडतो तो ड्राइव्ह. लेझर थकतो, रबराचा रोलर झिजतो.

आता घाटमाथांच्या कसोटीबद्दल एक गोष्ट, जी बहुतेकांना माहीत नसते. पीएस-४ च्या बोर्डवर घड्याळासाठी एक बटणासारखा सेल असतो. तो संपला की मशीनला वेळ कळत नाही. आणि वेळ कळत नाही म्हटल्यावर २०२१ पर्यंत हे मशीन सोनीच्या नेटवर्कशी बोलल्याशिवाय गेमच सुरू करत नसे. डिस्कचासुद्धा! म्हणजे उद्या नेटवर्क कायमचं बंद झालं असतं तर सेल संपेल तसा एकेक पीएस-४ निकामी होत गेला असता, कपाटातल्या सगळ्या डिस्कसकट. जाणकारांनी आरडाओरड केली आणि सप्टेंबर २०२१ च्या ९.०० अपडेटमध्ये सोनीने ते गुपचूप दुरुस्त केलं. माझ्याकडे जुना पीएस-४ आला की मी पहिल्यांदा त्यातल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती बघतो. घरी पडून असलेला कोणाचा असेल तर एकदा नेटला जोडून अपडेट करून घ्या, खरंच सांगतो.

पीएस-५ स्लिमचा सुटा ड्राइव्हही पहिल्यांदा लावताना इंटरनेट मागतो. एकदा जोडला की झालं, पण ते एकदा आहेच.

कायदेकानू

धागा वाचतोय, चांगली चर्चा. कायद्याचं थोडं.

वस्तू एकदा विकली की विकणाऱ्याचा तिच्यावरचा हक्क संपतो आणि घेणारा ती पुढे विकू शकतो, हे तत्त्व जगभर आहे. तपकीरगल्लींचा धंदा त्याच्यावर चालतो. डाउनलोडला ते लागू होतं का, यावर युरोपात मोठी लढाई झाली. ३ जुलै २०१२ ला युरोपीय न्यायालयाने ‘यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल’ खटल्यात सांगितलं की कायमस्वरूपी विकलेलं सॉफ्टवेअर, उतरवून घेतलेलं असलं तरी, पुढे विकता येतं. गेमवाल्यांना आशा वाटली. फ्रान्समध्ये यूएफसी-क्यू शोआझिर या ग्राहक संघटनेने स्टीमच्या मालकांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर, दावा लावला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयात जिंकलाही. पण २०२२ मध्ये अपिलात तो निकाल उलटला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च पातळीवर उलटलेलाच कायम राहिला. कारण असं की गेम म्हणजे फक्त सॉफ्टवेअर नव्हे, त्यात चित्रं, संगीत, कथा सगळं आहे, तेव्हा सॉफ्टवेअरचा नियम तसाच लावता येत नाही.

कॅलिफोर्नियाने वेगळा रस्ता धरला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे दुकानाला ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं की तुम्ही फक्त परवाना घेताय. न सांगता ‘विकत घ्या’ असं बटण ठेवता येत नाही. जो गेम कायमचा उतरवून इंटरनेटशिवाय वापरता येतो त्याला मात्र या अटीतून सूट आहे. घाटमाथांची कसोटी तिथल्या कायद्यात जवळपास जशीच्या तशी आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे दोन तरतुदी लक्षात ठेवा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(एए): संगणक प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे त्याला नुकसान, नाश यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून बॅकअप प्रत करता येते. पण २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ए म्हणतं की हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडणं हा गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद. तेव्हा स्वतःसाठी बॅकअप आणि मित्रांत वाटणं यातली रेघ ओलांडू नका.

दुसरी तरतूद ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ची. त्यात ‘अनुचित करारा’ची व्याख्या आहे, आणि वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा हक्क एकाच बाजूला देणारी अट त्यात मोडते. अशी तक्रार राज्य किंवा राष्ट्रीय आयोगापुढे नेता येते. गेमच्या दुकानांचे करार उघडून वाचा, अशी कलमं सापडायला वेळ लागत नाही. माझ्या मते आपल्याकडच्या ग्राहक चळवळीने हा विषय हातात घ्यायला हवा. मुंबईत, पुण्यात ग्राहकांसाठी वर्षानुवर्षं झटणारी माणसं आहेत. त्यांना गेम म्हणजे पोरखेळ वाटतो, एवढीच अडचण आहे.

ऱ्हाईनकाठी

मी जर्मनीत राहते. ‘द क्रू’ बंद पडल्यावर जी मोहीम उभी राहिली तिच्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितेय.

रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबवाल्याने एप्रिल २०२४ मध्ये ‘स्टॉप किलिंग गेम्स’ सुरू केली. युरोपीय संघात नागरिकांना थेट युरोपीय आयोगापुढे मागणी मांडता येते, त्यासाठी वर्षभरात १० लाख सह्या लागतात आणि किमान सात देशांत ठरावीक आकडा गाठावा लागतो. ३१ जुलै २०२४ ला सह्या सुरू झाल्या. मधले कितीतरी महिने आकडा अडकून पडला होता, सगळे म्हणत होते की संपलं. मग २०२५ च्या जूनमध्ये बातमी वणव्यासारखी पसरली आणि जुलैच्या सुरुवातीलाच १० लाख पार झाले. सही फक्त युरोपीय नागरिकांना करता येते, त्यामुळे माझी नाही. पण ऑफिसमधल्या ज्या ज्या सहकाऱ्यांना मी समजावून सांगितलं त्यांनी केली, आणि त्यातले काही आयुष्यात गेम न खेळलेले होते. त्यांना मुद्दा लगेच पटला: पैसे घेतलेत, मग वस्तू बंद कशी पाडता?

मागणी काय आहे ते नीट समजून घ्या, कारण विरोधक तिचा विपर्यास करतात. सर्व्हर कायम चालू ठेवा असं कोणी म्हणत नाही. पाठबळ काढून घेताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा, एवढंच. आणि ते शक्य आहे. युबिसॉफ्टनेच सप्टेंबर २०२४ मध्ये ‘द क्रू २’ आणि त्याच मालिकेतल्या ‘मोटरफेस्ट’ला ऑफलाइन खेळायची सोय देऊ असं जाहीर केलं. पहिल्या गेमसाठी मात्र नाही.

अजून एक. इथल्या शहर ग्रंथालयांत पुस्तकांच्या शेजारी कन्सोलचे गेम असतात, कार्डावर घरी नेता येतात. शनिवारी मुलं रांगेत उभी असतात. डाउनलोडचं असं काही करता येत नाही. वाचनालयाच्या संस्कृतीत वाढलेल्या मराठी माणसाला हे बघून जो आनंद होतो तो सांगायलाच नको.

पुस्तकपेटी

ऱ्हाईनकाठी, तुमच्या शेवटच्या परिच्छेदामुळे लिहायला बसले. ग्रंथालयात आयुष्य गेलंय, गेम फारसे खेळत नाही, पण जपणुकीचा प्रश्न माझा आहे.

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली. २०१० पूर्वी तिथे प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठल्याही अधिकृत मार्गाने मिळत नाहीत. ग्रंथालयांनी विनंती केली की संशोधकांना जुने गेम घरबसल्या दुरून बघू द्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ती नाकारली. पुस्तकाला जे सहज मिळतं ते गेमला मिळत नाही.

फ्रान्सने १९९२ च्या कायद्याने गेमची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करणं बंधनकारक केलं. आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे, त्यानुसार प्रकाशकाने कोलकाता, चेन्नई, दिल्ली आणि मुंबई इथल्या चार ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. पण तो पुस्तकं आणि वृत्तपत्रांपुरता. गेम त्यात नाहीतच.

हे इथे का सांगतेय? ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम पुण्यात बनला. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या चमूने तो केला, २०२० मध्ये जगभर गेला. बहीण-भावाची गोष्ट, दुर्गा आणि विष्णूचा वरदहस्त, राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रशैली. पन्नास वर्षांनी कोणा विद्यार्थ्याला महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या मोठ्या गेमवर प्रबंध लिहायचा असेल, तर तो कुठल्या कपाटातून काढून देऊ? मराठी मूकपटांचं काय झालं ते आपण भोगलंय. बहुतेक रिळं गेली, आज तुकडे उरलेत. तेव्हा निदान एवढं तरी होतं की रीळ कोणाच्या माळ्यावर सापडायची शक्यता असायची. सर्व्हरवरचा गेम माळ्यावर सापडत नाही.

माझी मागणी साधी आहे. १९५४ च्या कायद्यात दुरुस्ती करून भारतात बनलेल्या प्रत्येक गेमची कुलूप नसलेली एक प्रत जमा करून घ्या. विक्रीला नको, कोणाला घरी द्यायला नको. ठेवा फक्त.

रात्रपाळी

पुस्तकपेटी, हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता, आणि याला मी बिनशर्त अनुमोदन देतो. माझी सोय आणि पुढच्या पिढीसाठी जपणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण घाटमाथांना एक विचारतो. केवळ डिजिटल दुकान होतं म्हणून जे गेम जन्माला आले, त्यांचं काय? दोन-तीन माणसांच्या चमूला हजारो डिस्क छापून गोदामात ठेवणं कधीच परवडलं नसतं. ‘राजी’सारखा चमू परदेशी ग्राहकापर्यंत कसा पोचला असता? डिस्कच्या काळात कुठला गेम दुकानाच्या फळीवर येणार हे चार मोठे प्रकाशक ठरवायचे. ती मर्जीच होती की.

घाटमाथा

खरं आहे, आणि म्हणूनच मी डिजिटल बंद करा असं कुठेच म्हटलेलं नाही. लहान चमूने जरूर डाउनलोड विकावं. कुलूप न लावता विकावं, एवढीच माझी अपेक्षा आहे, आणि अनेक लहान चमू तसं करतातही. मोठ्यांनाच ते जड जातं.

दुकान बंद पडणं हा प्रश्न मात्र उरतो. निन्टेन्डोच्या थ्री-डीएस आणि वी-यू या जुन्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद झालं, एक्सबॉक्स ३६० चं २९ जुलै २०२४ ला. घेतलेलं अजून पुन्हा उतरवता येतं, पण त्या दुकानापुरतेच असलेले गेम नव्या माणसाला कायदेशीर मार्गाने मिळायचे बंद झाले. सोनीने मार्च २०२१ मध्ये पीएस-३ आणि हातात धरून खेळायच्या व्हिटाचं दुकान बंद करायचं ठरवलं होतं. लोक खवळले आणि महिन्याभरात तो निर्णय मागे घेतला. २०१३ चं उदाहरण वर दिलंच आहे. ओरडलं की फरक पडतो.

लेकाची_आई

सगळं वाचलं. मला फार कळत नाही, पण एक व्यावहारिक शंका आहे. भाऊ दुबईहून मुलासाठी स्विच-२ आणतोय, सोबत दोन गेम. सुट्टीत आम्ही गुहागरकडे जातो, घरी नेट म्हणजे अंगणाच्या एका कोपऱ्यात मोबाइलला येईल तेवढं. खोक्यावरून कळतं का की आत पूर्ण गेम आहे की नाही? आणि कोकणातल्या हवेत या वस्तू टिकतात का? आमच्या जुन्या सीड्यांवर पांढरे डाग पडले होते.

घाटमाथा

ताई, कळतं. स्विच-२ च्या काही खोक्यांच्या पुढच्या बाजूला, खाली, एका पट्टीवर किल्लीचं चित्र आणि ‘गेम-की कार्ड’ असं लिहिलेलं असतं. ते असेल तर कार्डात गेम नाही, नुसती चावी आहे. पूर्ण गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो, मशीनमध्ये तेवढी जागा लागते, आणि त्यानंतरही खेळताना कार्ड आत असावंच लागतं. इंटरनेट पहिल्यांदा सुरू करतानाच लागतं, पुढे नाही. भावाला सांगा, ती पट्टी नसलेले गेम बघून घे. पट्टीवालाच हवा असेल तर निघण्याआधी घरच्या वायफायवर उतरवून, एकदा सुरू करून मगच गावाला न्या. पीएस-५ आणि एक्सबॉक्सच्या डिस्कसाठी ‘डझ इट प्ले’ नावाची मंडळी डिस्क इंटरनेटशिवाय चालवून बघतात आणि निकाल जाहीर करतात. मी घेण्याआधी तिथे बघतो.

चावीवालं कार्ड मित्राला देता येतं आणि विकताही येतं, त्यामुळे ते निव्वळ डिजिटलपेक्षा बरं. पण निन्टेन्डोचे सर्व्हर ज्या दिवशी थांबतील त्या दिवसापासून नव्या मशीनवर त्याचा उपयोग नाही.

तपकीरगल्ली

हवेबद्दल मी सांगतो. ते पांढरे डाग म्हणजे बुरशी. डिस्क कापडी पाउचमध्ये किंवा कागदी पाकिटात ठेवल्या की दमट हवेत हमखास येते. मूळ प्लास्टिकच्या डबीत, उभ्या ठेवा, पुस्तकं ठेवतो तशा. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात बदला. लोखंडी ट्रंक नको, आत पाणी सुटतं. डाग आलेच तर मऊ सुती कापड थोडं ओलं करून मधून कडेकडे पुसायचं, गोल गोल नाही.

स्विचच्या कार्डाला तेवढी भीती नाही, पण मागच्या सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका आणि लहानपणी आपण कॅसेटमध्ये फुंकर मारायचो तशी मारू नका, थुंकीने पट्ट्या गंजतात. पुसायचंच असेल तर कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि पूर्ण वाळल्यावरच मशीनमध्ये घाला.